मूळ धून, रीबूट आणि डॅडींची दाढ

आमचे डॅडी गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास वारले. सध्या त्यांची तब्येत उत्तम आहे.

या प्रकाराला मी जबाबदार आहे असं आमच्या घराचं, वाडीचं आणि एकूणच अर्ध्या नंदाखाल गावाचं मत आहे. हे साफ खोटं आहे! जबाबदार आहे तो रीबूट. पण रीबूटला कोण धरणार? तो कुठे आमच्या दारात उभा आहे? दारात उभी होते मी, म्हणून सगळ्यांनी मला धरलं.

ज्यांना रीबूट म्हणजे काय हे माहीत नाही (भाग्यवान आहात!) त्यांच्यासाठी सांगते. एखादी चांगली चाललेली गेमची मालिका असते. लोक तिच्यावर जीव टाकत असतात. मग एक दिवस ती बनवणारी माणसं उठतात, होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकतात, नाव तेवढं जुनं ठेवतात आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, वाईट करून सांगतात. याला रीबूट म्हणायचं. मी गोखिवऱ्याला प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात क्वालिटी तपासते. कडी वाकडी असलेली बादली मी पाच सेकंदांत बाजूला काढते. हा रीबूट मी तीन सेकंदांत बाजूला काढला होता.

मालिकेचं नाव ‘व्हेल्व्हेट ब्लेड’. आमचा मामा जहाजावर होता, त्याने सुट्टीवर येताना ती आणली. मी तेव्हा पंधरा वर्षांची आणि माझा भाऊ ब्रायन नऊ वर्षांचा. गेमचा नायक कोर्वेलो. वाइनच्या रंगाचा लांब कोट, कोरलेली मिशी, हातात तलवार आणि खिशात घडी घातलेला पांढरा रुमाल. काम राक्षस मारण्याचं. पण नुसते राक्षस मारून भागत नाही! ते ऐटीत मारावे लागतात. एकच वार दहा वेळा केलात तर राक्षस मरतो, पण लढाई संपल्यावर पडद्यावर शेरा येतो, ‘शेम’. वेगवेगळे वार, गिरक्या, नेमक्या क्षणी बाजूला होणं, असं सगळं जमलं तर ‘ग्रेस’. आणि मग कोर्वेलो तलवार रुमालाने पुसून, रुमालाची पुन्हा चौकोनी घडी घालून खिशात ठेवतो. अहो, आमच्या ब्रायनला कपड्यांच्या घड्या घालायला आईने नाही, कोर्वेलोने शिकवलं!

आणि ती धून. प्रत्येक मोठ्या राक्षसाच्या आधी कोर्वेलो एका भल्यामोठ्या जिन्यावरून उतरतो. दीड मिनिट. त्या दीड मिनिटात कुठलंही बटण दाबा, काही होत नाही. आधी खर्जातला ऑर्गन, मग एकच ट्रम्पेट, अगदी संथ. तो एकेक पायरी उतरतो, हातमोजे ओढतो, कोट सारखा करतो. आणि शेवटची पायरी आली की धाडकन ढोल! ब्रायन आणि मी ती दीड मिनिटं श्वास धरून बसायचो. तेव्हाच आम्ही एकमेकांना वचन दिलं होतं की आपल्यापैकी ज्याचं लग्न असेल, त्याच्या वरातीला ही धून वाजणार म्हणजे वाजणार.

माझ्या लग्नात वाजली नाही. डॅडी म्हणाले, “लग्नात राक्षस मारायचं संगीत? व्याही काय म्हणतील?” मी बरं म्हटलं. (तेव्हा मी बादल्या तपासत नव्हते, त्यामुळे नाही म्हणायची सवय नव्हती.) पण मनात ठरवलं की ब्रायनच्या लग्नात मी कुणाचं ऐकणार नाही.

दोन वर्षांपूर्वी रीबूट आला. कोर्वेलोची मिशी गेली. कोट गेला. हूडी आली! कोर्वेलो आणि हूडी! तोंडात च्युइंगगम. रुमालाचा पत्ता नाही, तलवार पँटला पुसतो. आणि जिना? जिनाच नाही. खिडकीची काच फोडून आत उडी मारतो आणि लगेच ढिकचिक ढिकचिक सुरू. माझी दीड मिनिटं कापून कचऱ्यात!

आमचा फोनवर एक ग्रुप आहे. वसई-विरारमधली आम्ही अकरा जणं, ग्रुपचं नाव ‘कोर्वेलोचा रुमाल’. रीबूट आला त्या आठवड्यात ग्रुपमध्ये उभी फूट पडली. एकीकडे आम्ही मूळवाले, दुसरीकडे ते रीबूटवाले. “नवीन लोकांना पण चान्स द्या ना,” असं कुणीतरी लिहिलं, त्याला मी जे उत्तर दिलं ते वाचायला मोबाइल सहा वेळा खाली सरकवावा लागतो. “कंट्रोल्स स्मूद आहेत,” असं विरारच्या एकाने लिहिलं. मी लिहिलं, “स्मूद तर साबण पण असतो!” यावर त्याने ग्रुपवर लिहिणंच बंद केलं. ब्रायन अर्थातच माझ्या बाजूने होता. दर संदेशाला अंगठा दाखवायचा.

मग ब्रायनचं लग्न ठरलं. मुलगी निर्मळची, जेनी. हुशार, हसरी, बँकेत नोकरी. पहिल्यांदा घरी जेवायला आली तेव्हा मला कळलं की तीही ‘व्हेल्व्हेट ब्लेड’ खेळते. मी हर्षाने तिच्या ताटात आणखी एक तळलेला बोंबील वाढला.

“पहिल्यापासून खेळतेस?” मी विचारलं.

“नाही ताई, नवीनवाला. सॉलिड आहे!”

मला तो बोंबील परत उचलावासा वाटला.

“आणि मूळ? तो नाही खेळलीस?”

“ट्राय केला ना. पण खरं सांगू? तो जिना उतरेपर्यंत माझी कॉफी थंड झाली. म्हणजे... स्किपचं बटण तरी द्यायचं!”

मी ब्रायनकडे पाहिलं. वीस वर्षांचा सोबती. माझ्याबरोबर श्वास धरून बसलेला. आता हा काय बोलतो ते मला ऐकायचं होतं. तो ताटातल्या सोलकढीकडे बघत म्हणाला, “तिचं पण बरोबर आहे बाय. ते थोडं लांबतंच.”

थोडं लांबतंच! त्या रात्री गोखिवऱ्याच्या घरी परत आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, “माझा भाऊ गेला.” नवरा घाबरून उठून बसला. (आमच्या घराण्यात जिवंत माणसं मारायला सुरुवात तिथूनच झाली म्हणायची.) पण मला खरंच वाईट वाटलं होतं. लग्न करून भाऊ दुसऱ्या घरच्या माणसाचा होतो, हे मी समजू शकते. पण तो दुसऱ्या कोर्वेलोचा व्हावा? मग मी हट्टालाच पेटले. वरात निघेल ती मूळ धुनेवर, पूर्ण दीड मिनिटासकट! ब्रायनला मी वचनाची आठवण दिली. तो बिचारा “बरं बाय, तुला पाहिजे तसं कर,” म्हणाला. जेनीनेही खांदे उडवले. मी जिंकले होते.

आमच्याकडे लग्नाला ब्रास बँड लागतोच. बँड पास्कोल मास्टरांचा. वय सत्तरच्या पुढे, पण क्लॅरिनेट हातात घेतली की ताठ. त्यांचं एकच तत्त्व. कागदावर नोटेशन असेल तेच वाजणार, नसेल ते देवदूत सांगायला आला तरी नाही. मी देवळाच्या (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) कॉयरमध्ये वाढलेली, नोटेशन येतं. तीन संध्याकाळी कान लावून मी सगळी धून कागदावर उतरवली. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या घराच्या दारापासून फाटकापर्यंत यायला नवऱ्या मुलाला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. कुणी मध्येच ओवाळेल, कुणी फोटो काढेल. आणि ढोल नेमका तो फाटकात पोचल्यावरच धडाडला पाहिजे. म्हणून संथ भागाच्या शेवटी मी पुन्हा-वाजवाची खूण केली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘नवरा फाटकात येईपर्यंत हाच भाग वाजवत राहणे.’

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणून ते नंतर कित्येकदा वाचलं गेलं.

लग्नाला तेरा दिवस होते. रविवारी सकाळी मास्टर म्हणाले, घरी येऊन एकदा जागेवर वाजवून बघतो. मी शनिवारीच माहेरी येऊन राहिले. आता नियतीचं काम बघा. शनिवारी संध्याकाळी डॅडींची दाढ काढली. डॉक्टरांनी दाढेच्या जागी कापसाचा बोळा दिला, आणि बोलू नका, शेकायला बर्फ बांधा म्हणून सांगितलं. आईने बर्फाची पिशवी गालाला लावून, हनुवटीखालून डोक्यावर असा पांढरा रुमाल घेऊन घट्ट गाठ मारली. डॅडी गोळी खाऊन झोपले ते रविवारी सकाळी देवळात मिस्सेच्या प्रार्थनेलाही गेले नाहीत. आणि डॅडी मिस्सेला नाहीत, ही आमच्या गावात साधी गोष्ट नाही! डाव्या बाजूचा दुसरा बाक, कडेची जागा. चाळीस वर्षांत ती जागा रिकामी दिसली नव्हती. आई एकटीच मिस्सेला गेली आणि तिथूनच परस्पर निर्मळला मावशीला लग्नाची पत्रिका द्यायला गेली. म्हणजे डॅडी का आले नाहीत हे विचारायलाही कुणाला ती सापडली नाही.

साडेनऊला बँड आला. बारा जण, पांढरे शर्ट, काळ्या पँटी. अंगणात अर्धवर्तुळ करून उभे राहिले. मास्टर रस्त्याकडे पाठ करून, डोळे कागदावर. ब्रायन फोन घेऊन गच्चीवर गेला. म्हणाला, वरून चांगलं दिसतंय, ग्रुपवर लाइव्ह दाखवतो. मी म्हटलं, दाखव, रीबूटवाल्यांना कळू दे!

आणि धून सुरू झाली.

काय सांगू तुम्हाला! ऑर्गनच्या जागी ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन, त्यावर एकटा ट्रम्पेट. केळीच्या पानांवर ऊन पडलेलं, आणि तो सूर हळूहळू वाडीभर पसरतोय. मी पंधरा वर्षांची झाले. डोळे मिटले, हात छातीशी धरले आणि गालांवरून पाणी वाहायला लागलं ते थांबेना.

आता एक साधी गोष्ट, जी या गावात वाढलेल्या पोरीला कळायला हवी होती. आमच्याकडे पास्कोल मास्टरांचा बँड दोनच वेळा घरी येतो. लग्नाला आणि मयताला. तोच बँड, तीच माणसं, तेच पांढरे शर्ट. लग्नाचं वाजवणं जलद, मयताचं संथ. फरक एवढाच! गावातलं शेंबडं पोरही स्वयंपाकघरात बसून कान देऊन सांगतं की आज काय आहे. फक्त मला कळलं नाही, कारण मी जिन्यावर होते.

आणि ब्रायन? ब्रायन गच्चीवर होता. नवरा फाटकात येत नव्हता. मास्टर कागदाप्रमाणे तोच भाग वाजवत राहिले. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. सातव्यांदा.

पहिली आली ती समोरच्या वाडीतली फिलूमावशी. (आम्ही घरात आमच्या बोलीतच बोलतो, पण ती लिहिली तर तुम्हाला कळायची नाही, म्हणून मी सगळ्यांना जरा मराठी बोलायला लावते.) हातात अंगणातली खुडलेली शेवंती. तिने माझे मिटलेले डोळे पाहिले, गालांवरचं पाणी पाहिलं आणि मला घट्ट मिठी मारली. मला वाटलं, अखेर कुणाला तरी या धुनेची किंमत कळली!

“रडू नको गे बाय,” ती म्हणाली. “देवाची इच्छा.”

मी हुंदका देत म्हटलं, “मावशी, किती वर्षं वाट बघितली मी या दिवसाची!”

फिलूमावशी एकदम दोन पावलं मागे सरकली.

“काय बोलतेस गे?”

“खरंच सांगते! माझ्या लग्नातच व्हायला हवं होतं हे. पण तेव्हा डॅडीच आडवे आले.”

मावशीने कपाळावरून छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, संगीताचा परिणाम.

एव्हाना फाटकातून माणसं येत होती. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. कुणी शेजारच्या घरातून खुर्च्या आणून ओळीने मांडत होतं. मला खूप बरं वाटलं. नुसत्या सरावाला एवढी गर्दी! ग्रुपवरच्या त्या साबणवाल्याला हे दिसायला हवं. तेवढ्यात देवळाची घंटा वाजायला लागली. एक टोला, मग थांबून दुसरा टोला. आणि योगायोग बघा, टोला नेमका ट्रम्पेटच्या लयीत! माझ्या अंगावर काटा आला. मी वर बघून ब्रायनला ओरडले, “घंटा पण रेकॉर्ड कर रे!”

गर्दीतले चार-पाच जण माझ्याकडे असे बघायला लागले की मी जरा चपापले. तरीही कळलं नाही. मग फाटकात स्कूटर थांबली आणि फादर उतरले. गळ्यात जांभळी स्टोल, हातात मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी. ते धापा टाकत माझ्याजवळ आले.

“सिसिलिया, उशीर नाही ना झाला मला?”

“नाही फादर,” मी म्हटलं. “अजून तर ढोल यायचाय.”

बाकी काही असो, आमचे फादर शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “कुठे ठेवलंय त्यांना?”

“कुणाला?”

उत्तर फादरना द्यावं लागलंच नाही. घराचं दार उघडलं आणि दारात डॅडी उभे राहिले. पांढरी बनियन, पांढरा लेंगा. चेहरा फिका, एक गाल सुजलेला. आणि जबडा पांढऱ्या रुमालाने डोक्यावर गाठ मारून बांधलेला, जसा मेलेल्या माणसाचा बांधतात, अगदी तस्सा.

फिलूमावशीने जी किंकाळी फोडली ती ब्रायनच्या व्हिडिओत आजही ऐकू येते. तिच्या मागचे सहा-सात जण गुडघ्यांवर बसले. दोघे कुंपणावरून उडी मारून थेट शेजारच्या केळीत गेले. ट्रॉम्बोनवाला ट्रॉम्बोन टाकून स्कूटरच्या मागे लपला. आणि डॅडींना तर बोलायला बंदी! तोंडात बोळा. ते दोन्ही हात वर करून ‘थांबवा, थांबवा’ अशा खुणा करायला लागले, त्याने तर कहरच झाला. गुडघ्यांवर बसलेल्यांनी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. पास्कोल मास्टर मात्र डोळे कागदावर ठेवून वाजवत होते. नवरा फाटकात आला नव्हता ना!

ग्रुपवर तेवढ्यात संदेशांचा पाऊस पडत होता. एकाने लिहिलं, “हा कुठला लेव्हल?” दुसऱ्याने लिहिलं, “हे रीबूटपेक्षा भारी आहे!” (हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.)

इथपर्यंतचं सगळं मी हसत सांगू शकते. पुढचं नाही.

रस्त्याच्या वळणावर रिक्षातून आई उतरली. हातात उरलेल्या पत्रिकांची पिशवी. तिने घंटा ऐकली, बँड ऐकला, आपल्याच दारातली गर्दी पाहिली. डॅडी तिला दिसत नव्हते, मध्ये माणसं होती. ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती खाली बसली, भर रस्त्यात. पत्रिका सगळ्या धुळीत पसरल्या. मी धावले. “आई, काही नाही गं, काही झालं नाही!” मी ओरडत होते, आणि ती माझ्याकडे बघत होती पण तिला मी दिसतच नव्हते. दीड मिनिटाचं सगळं कौतुक एका क्षणात उतरलं.

मग गर्दी बाजूला झाली. डॅडी चालत आले. अनवाणी, त्या रुमालासकट. त्यांनी तोंडातून कापसाचा बोळा काढला, खाली वाकले आणि म्हणाले, “अगं, दाढ गेलीय. मी आहे.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग उठली आणि त्यांच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. मग त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. अंगणातले झाडून सगळे रडायला लागले. फिलूमावशीने तिची शेवंती डॅडींच्या हातात दिली, दुसरं काय करणार?

ब्रायन एवढ्यात गच्चीवरून उतरून धावत फाटकात आला. आणि पास्कोल मास्टरांनी नेमकी तेव्हाच मान वळवून फाटकाकडे पाहिलं. नवरा फाटकात! धाडकन ढोल!

अर्धी गर्दी पुन्हा केळीत गेली.

दुपारी आमच्या हॉलमध्ये माझ्यावर खटला चालला. मास्टरांनी कागद पुढे केला. “मी काय चुकलो? कागदावर होतं ते वाजवलं.” ब्रायनने माझ्याकडे न बघता शेरा दिला, “बाय, रेटिंग: शेम.” मी म्हटलं, चूक धुनेची नाहीये! तू वेळेवर फाटकात आला असतास तर लोकांना ढोल ऐकू आला असता! जगात कुठेही...

“सिसिलिया,” आई म्हणाली. तिने मला पूर्ण नावाने हाक मारली की पुढे बोलायचं नसतं. “ते माझ्या दारात पुन्हा वाजणार नाही.”

बाहेर सांडलेल्या पत्रिका डॅडी एकेक करून पुसत होते.

संध्याकाळी जेनीचा फोन आला. मला वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. आधी आईची चौकशी केली. मग म्हणाली, “ताई, धून कोर्वेलोचीच ठेवू या ना. फक्त नवीनवाली. सुरुवातीलाच ढोल. म्हणजे कुणी... घाबरणार नाही.”

किती समजूतदारपणे बोलली! मला तेही सहन झालं नाही. कारण आता ते नोटेशन लिहिणार कोण? येतं कुणाला? मलाच! ज्या बाईने या रीबूटला तीन सेकंदांत बाजूला काढलं, तिने गोखिवऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून, कान लावून, ते ढिकचिक ओळीओळीने कागदावर उतरवलं. आणि ते उतरवताना माझ्या लक्षात आलं की त्या ढिकचिकच्या खाली, अगदी खर्जात, मूळ जिन्याचे सूर ठेवलेले आहेत. जलद केलेले, पण तेच. मी ते कुणालाही सांगितलं नाही. आजही ग्रुपवर सांगणार नाही.

लग्न झालं. ब्रायन दारातून बाहेर पडला आणि पहिल्या पावलालाच ढोल धडाडला. फिलूमावशी नाचली. ट्रॉम्बोनवाला वाजवत नाचला. फादर स्कूटरवर बसून मान डोलावत होते. आई नाचली. आणि माझे पाय... पायांबद्दल मी काही बोलणार नाही. पण जेनीच्या चुलतभावाने व्हिडिओ काढला, ब्रायनने ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘रीबूटच्या सर्वांत मोठ्या फॅन!’ मी सोडून सगळ्यांनी अंगठे दाखवले. साबणवाल्यानेसुद्धा! ‘स्मूद’ एवढंच लिहिलं त्याने.

लग्नानंतर आठवड्याने मी माहेरी गेले होते. डॅडी केळीला पाणी सोडत होते. मी बांधावर बसले. त्यांनी फावड्याने पाणी पुढच्या आळ्यात वळवलं. मग पाटाकडे बघतच म्हणाले, “ती पहिली धून. संथ होती ती.”

“सॉरी डॅडी.”

“नाही गं. गोळीची गुंगी होती मला. अर्धवट झोपेत ऐकली. वाटलं, बोलावणं आलं.” ते जरा हसले. “पण भीती नाही वाटली. कुणाला घाई नव्हती त्यात. माणसाने कोट सारखा करावा, एकेक पायरी उतरावी, तसं वाटलं.”

डॅडींनी आयुष्यात कधी तो गेम पाहिला नव्हता. जिन्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं मी भांडून जे कुणाला पटवू शकले नाही, ते या माणसाला दाढ काढून, झोपेत, सात वेळा ऐकून कळलं होतं!

“ते कागद फाडले नाहीस ना?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग जपून ठेव. माझ्या वेळेला तेवढं पूर्ण वाजवायला सांग पास्कोलला. मध्ये कापू नका. आणि आईला आधी सांगून ठेव.”

ते कागद आता आईच्या कपाटात आहेत, डॅडींच्या चांगल्या सुटाच्या खिशात, रुमालासारखी चौकोनी घडी घालून. म्हणजे मूळ धुनेला अखेर घरात मानाची जागा मिळाली, तिच्यासाठी पास्कोल मास्टर ठरले, कार्यक्रम ठरला, एकही स्वर कापायचा नाही हेही ठरलं. मी जिंकले! आणि वीस वर्षं जिच्यासाठी साऱ्या जगाशी भांडले, ती धून कधीच वाजू नये म्हणून हल्ली मी रोज संध्याकाळी गुडघे टेकून एक रोझरी जादा म्हणते.